पुट्टीखालचा गंज

गाडीच्या दाराला पोचा आला की वाटतं, घरीच पुट्टी भरू आणि मोकळे होऊ. मीही तेच केलं. गंजासकट पोचा बुजवला, वरून रंग मारला. पावसाळा सरता सरता रंगाला फोड आले. खालच्या पत्र्याची चाळण झाली होती.

दोष पुट्टीचा नव्हता. ती खड्डा भरते, गंज थांबवत नाही. उलट ओल शोषून धरते. म्हणून आधी पोचा होईल तितका ठोकून सरळ करा. रंग, गंज खरवडून स्वच्छ पत्रा दिसू द्या. हार्डनर पुट्टीच्या वजनाच्या साधारण २ टक्के. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते, जास्त झाला तर रंगातून डाग उमटतो. कालवलेली पुट्टी काही मिनिटांतच आळते. थोडी थोडीच कालवा, पातळ थर द्या. सुकल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडीच घासा, नाकातोंडावर मास्क लावून. मग लगेच प्रायमर.

मात्र गंज गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचला असेल, तर पुट्टीचा डबा बंद करा आणि वेल्डिंगवाल्याकडे जा. तिथे प्रश्न गाडीच्या रूपाचा नसतो, आत बसणाऱ्या माणसांचा असतो.