गल्ला कुणाचा?

(वर्धा जिल्ह्यातील लघुउद्योजक आणि गृहोद्योग चालविणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यात प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचा पहिला वर्धापनदिन साजरा झाला. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी, चर्मकार, नाभिक, परीट अशा अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी ही योजना आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये आणि तारणाविना दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप. हा वर्धापनदिन वर्ध्यात व्हावा, यात एक औचित्य होते. याच जिल्ह्यातील आर्वीत १९२० साली दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म झाला. भारतीय मजदूर संघ उभारणाऱ्या दत्तोपंतांनी अर्थशास्त्रज्ञांना वारंवार बजावले होते, की सार्वजनिक क्षेत्र आणि खाजगी क्षेत्र एवढीच विभागणी करून चालणार नाही. स्वतःच्या कौशल्यावर, स्वतःच्या अवजारांनी, कुटुंबाच्या साहाय्याने काम करणारा फार मोठा वर्ग या देशात आहे. त्याला त्यांनी ‘विश्वकर्मा क्षेत्र’ असे नाव दिले.

या वर्गाचे वैशिष्ट्य असे, की त्यात मालक आणि मजूर ही एकच व्यक्ती असते. त्यामुळे तेथे संप होत नाही, टाळेबंदी होत नाही. पण शोषण मात्र होते. मालक आपल्यातल्याच मजुराला वेतन देत नाही. दिवसभर राबून संध्याकाळी गल्ल्यात जे उरेल ते आपलेच, अशी त्याची समजूत असते. त्याच गल्ल्यातून मुलाची शिकवणी, भाजी, लग्नातला आहेर, विजेचे बिल आणि उद्याच्या मालाची खरेदी, सारे काही निघते. वर्षअखेरीस विक्री वाढलेली दिसते आणि माल भरायला पैसा नसतो. मग ‘बाजार मंदावला’ असे म्हटले जाते. पुष्कळदा बाजार मुळीच मंदावलेला नसतो. भांडवल घरात खर्च झालेले असते आणि ते केव्हा खर्च झाले, हे कुणालाच ठाऊक नसते.

म्हणून पहिली गोष्ट अगदी साधी. धंद्याचे बँक खाते वेगळे हवे. दुकानातला क्यूआर कोड त्याच खात्याशी जोडलेला हवा. आज बहुतेक ठिकाणी तो घरच्या खात्याला जोडलेला असतो. ग्राहकाचे चाळीस रुपये येतात आणि त्याच खात्यातून मोबाईलचे रिचार्ज होते. दुसरी गोष्ट, मालकाने स्वतःला महिन्याचे वेतन ठरवून द्यावे. ते आठ हजार असो की अठरा हजार. ठरलेल्या तारखेला धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात जावे आणि घर तेवढ्यातच चालावे. पत्नी शिवणकाम करीत असेल, आई पापड लाटत असेल, तर त्यांचेही वेतन लिहावे. जीएसटीची नोंदणी असेल तर ग्राहकाकडून घेतलेला कर हा आपला पैसा नाही, तो सरकारचा आहे. तो त्याच दिवशी बाजूला पडला तर विवरणपत्र भरताना धावाधाव होत नाही.

घर आणि उत्पन्न यांची शिस्तशीर सांगड कशी घालावी, याचे उदाहरण वर्ध्याच्याच इतिहासात आहे. १९३२ साली पतिनिधनानंतर लक्ष्मीबाई केळकर यांच्यावर मुलाबाळांचा भार आला. त्यांनी राहत्या घरातील दोन खोल्या भाड्याने दिल्या आणि दरमहा येणाऱ्या एका निश्चित रकमेचा आधार उभा केला. पुढे चारच वर्षांनी, १९३६च्या विजयादशमीला, याच वर्ध्यात त्यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. वंदनीय मावशींच्या चरित्रात दोन खोल्यांच्या भाड्याची नोंद एखाद्या ओळीची असते. प्रपंच चालवणाऱ्याने मात्र त्या ओळीवर थांबावे. विक्री कमी-जास्त होत राहणार. तिच्याखाली काहीतरी ठराविक येणारे असले, तर माणूस मोठ्या कामाला हात घालू शकतो.

आता किमतीकडे वळू. एखादी भगिनी दहा किलो हळकुंडे घेऊन पूड करून विकते, असे समजा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत. हळकुंडांचे १,५०० रुपये, दळाईचे १५०. घट जाऊन साडेनऊ किलो पूड मिळाली, म्हणजे पाव किलोची ३८ पाकिटे. ती हिशेब करते, १,६५० भागिले ३८, पाकिटाला साडेत्रेचाळीस रुपये पडले. ६५ला विकले तर एकवीस रुपये सुटले. ती आनंदात असते. पण पाकीट आणि लेबल यांचे प्रत्येकी चार रुपये म्हणजे १५२, विक्रीसाठी जाण्या-येण्याचे २००, आणि वाळवणे, निवडणे, भरणे यातले तिचे दोन दिवस. तेच दोन दिवस तिने दुसऱ्याकडे काम केले असते तर चारशेप्रमाणे ८०० मिळाले असते. बेरीज २,८०२. पाकीट पडले जवळजवळ ७४ रुपयांना. ६५ला विकून तिच्या हाती एकूण २,४७० आले. रोख खर्च वजा जाता ४६८ उरले, म्हणजे दिवसाला २३४. परक्याकडे मिळाली असती त्याहून कितीतरी कमी मजुरी तिने स्वतःला दिली, आणि त्यालाच नफा म्हटले.

स्वतःचे श्रम किमतीत धरायचे की नाहीत, हा वाद याच भूमीत एकदा होऊन गेला आहे. १९३५च्या सुमारास अखिल भारतीय चरखा संघापुढे प्रश्न होता, की कातणाऱ्या बायांना निदान जगण्यापुरती मजुरी द्यावी काय? दिली तर खादी महागेल, ग्राहक तुटेल, ही भीती होती. गांधीजी तेव्हा वर्ध्यात मगनवाडीत मुक्कामाला होते. मजुरी वाढली पाहिजे, असा त्यांचा आग्रह राहिला आणि संघाने तो स्वीकारला. त्यांच्या अर्थविचारातील प्रत्येक गोष्ट सर्वांना पटेल असे नाही; पण या मुद्द्यावर ते शंभर टक्के व्यवहारी होते. श्रमाची किंमत न धरता ठरवलेला दर टिकत नाही, कारण श्रम करणाराच टिकत नाही.

मग आपल्या भगिनीने दर किती ठेवावा? दुकानदार वीस टक्के घेणार असेल, तर छापील किंमत ९५ हवी. दुकानदाराचे १९ गेले, ७६ हाती आले, खर्च निघून थोडे उरले. स्वतः विकतानाही तिने ९५च घ्यावेत. घरी ७५ आणि दुकानात ९५ असे झाले, तर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही.

ग्राहक विचारणारच, शेजारच्या दुकानात ७०ला मिळते, मग ९५ कशाला? येथून विपणनाचा विषय सुरू होतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कुरकुमिनचे प्रमाण सहा टक्क्यांच्या वर, अशी तिची ख्याती आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी जपलेल्या गुणाला कायद्याने नाव मिळाले. पण हे नाव प्रत्येकाला वापरता येत नाही. त्या ठरलेल्या क्षेत्रातच पिकलेली हळद हवी आणि वापरणाऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. सांगलीच्या हळदीलाही २०१८ साली स्वतंत्र मानांकन मिळालेले आहे. बाहेरून पोते आणून त्यावर ‘वायगाव’ छापणारा कायदा तर मोडतोच, शिवाय संपूर्ण गावाच्या गाठीला बांधलेले धन चोरतो. ज्याला ते नाव वापरता येत नाही, त्याने स्वतःचे नाव तयार करावे. हळद कुठल्या शेतातली, केव्हा दळली, कुणी दळली, फोन क्रमांक काय, हे पाकिटावर स्वच्छ लिहावे. अन्न-सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक छापावा. ९५ रुपये देणारा ग्राहक याचेच पैसे देत असतो.

गोरसपाकाचे उदाहरण तर सर्वांच्या जिभेवरच आहे. गोरस भांडाराचा तो खुसखुशीत पाक कुणी टीव्हीवर पाहून घेत नाही. वर्ध्याला आलेला पाहुणा तो घेऊन परततो, ज्याच्या घरी नेतो तो पुढच्या वेळी मागवतो. चव बदलत नाही, आणि त्यामुळे मागणीही. एकाच पदार्थाशी एका शहराचे नाव जोडले जाणे ही केवढी मोठी गोष्ट! नव्या उद्योजकांचा कल मात्र उलट असतो. पहिल्याच वर्षी बावीस प्रकारची लोणची, सहा प्रकारचे चिवडे, शिवाय उटणे आणि अगरबत्ती. भांडवल बावीस बरण्यांत अडकते आणि ग्राहकाच्या लक्षात एकही चव राहत नाही.

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सुविचारासोबत मालाची छायाचित्रे पाठवणे यालाही अनेक जण विपणन समजतात. त्यापेक्षा एक वही करावी. ग्राहकाचे नाव, त्याने काय घेतले, केव्हा घेतले. पाव किलो हळद चौघांच्या घरात किती दिवस पुरते, याचा अंदाज गृहिणीला असतोच. ती संपत आली असेल त्या आठवड्यात एक निरोप जावा. आणि ‘स्वदेशी आहे, म्हणून घ्या’ हे वाक्य शक्यतो वापरू नये. ज्या स्वदेशीसाठी दत्तोपंतांनी १९९१ साली स्वदेशी जागरण मंच उभा केला, ती ग्राहकाकडे मागायची सवलत नव्हे. माल चांगला असला की ग्राहक स्वदेशीही आनंदाने होतो.

वर्धा जिल्ह्यात पैशाला ऋतू असतो. सोयाबीन दिवाळीच्या आधी येते, कापूस दसऱ्यापासून पुढे वेचला जातो, संक्रांतीपर्यंत आणि नंतरही बाजारात पैसा खेळतो, मग लग्नसराई. मृग लागला की सारा पैसा बियाण्यांत आणि खतांत जातो, त्यातच शाळांचे प्रवेश. आषाढात दुकाने ओस असतात. ज्या सुताराला तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करायचे आहेत, त्याची अडचण येथे नेमकी दिसते. विक्री श्रावण संपताना, दोन-तीन दिवसांत. सिंदी रेल्वेसारख्या गावी तर या सणाची केवढी धामधूम! पण लाकूड, रंग आणि चाके घ्यायची ज्येष्ठ-आषाढात, हात सर्वांत रिकामा असताना. तेव्हा तो महिना तीन टक्क्यांनी सावकाराकडून ५० हजार उचलतो. महिन्याला दीड हजार, वर्षाला १८ हजार नुसते व्याज. हाच पैसा त्याने लग्नसराईत पलंग-कपाटे विकताना बाजूला ठेवला असता तर? निदान तीन महिन्यांचे भाडे, वीज आणि पुढच्या हंगामाचा कच्चा माल एवढी रक्कम चैत्र-वैशाखातच वेगळ्या खात्यात जायला हवी. केळझरच्या गणपतीला किंवा घोराडच्या केजाजी महाराजांच्या यात्रेला दुकान लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आता उधारी. हा विषय जरा कटू आहे, कारण तो येथे बसलेल्या ग्राहकांशीही संबंधित आहे. मोठ्या कंपनीला किंवा संस्थेला माल पुरवणाऱ्यासाठी कायदा आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३च्या वित्त कायद्याने केलेल्या तरतुदीनुसार, सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे चुकते होईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. पण त्यासाठी आपली उद्यम नोंदणी आधीच झालेली हवी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला हवा. ही नोंदणी निःशुल्क आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र विलंबित देण्याचे हे संरक्षण लागू नाही.

घरगुती उधारीला असा कायदा नाही. तेथे ‘आपला माणूस’ हाच कायदा चालतो. मॉलमध्ये छापील किमतीला निमूटपणे पैसे मोजणारे कुटुंब कार्यकर्त्याच्या दुकानात आले की दोन मागण्या करते: थोडे कमी कर, आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो. घरच्या कार्याला मंडप, केटरिंग, छपाई सारे आपल्याच लोकांकडून घ्यायचे आणि बिल सहा महिने फिरवायचे, हा प्रकार सज्जन घरांतही घडतो. दुकानदार संकोचाने मागत नाही. त्याने मागावे. उधारीची मर्यादा आणि तारीख आधीच ठरवावी. नोकरदाराला पगाराची एक ते पाच तारीख, शेतकऱ्याला कापूस विकल्याचा आठवडा. जुनी बाकी मिटल्याशिवाय नवी नोंद करू नये. आणि सवलत द्यायचीच असेल तर ती रोख देणाऱ्याला द्यावी, ओळखीच्याला नव्हे.

शेवटी कर्ज. विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्याचे एक लाख पाच टक्के व्याजाने १८ महिन्यांसाठी मिळतात, ते फेडल्यावर दुसऱ्या टप्प्याचे दोन लाख ३० महिन्यांसाठी. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये पाच लाखांपर्यंत. एक लाखाचा मासिक हप्ता सुमारे ५,८०० रुपये होतो. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर रोज सव्वादोनशे. यंत्र घेण्याआधी एक महिना, कर्ज मिळालेलेच आहे असे समजून, रोज सव्वादोनशे रुपये बाजूला टाकून पाहावेत. ज्याला वैशाखात ते जमले आणि आषाढात जमले नाही, त्याने आषाढाचे दोन हप्ते वैशाखातच भरून ठेवण्याची व्यवस्था करावी. बँकेच्या संगणकाला मृग नक्षत्र कळत नाही.