थंडीतला पाहुणा आणि आपल्या हाताला काम

 

आजचा विषय आहे थंडीतली सहल. सहल म्हटलं की आपल्याला आधी खर्च आठवतो. पण एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई असते. डोंबिवलीतलं एखादं कुटुंब दोन दिवस शांत जागी जाऊन राहायचं म्हणतं, तेव्हा ते पैसे कुणाच्या हातात पडतात? गावातल्या बाईच्या, की शहरातून येऊन जमीन घेतलेल्या मालकाच्या? आमच्या गटांमध्ये गेले काही महिने हीच चर्चा चालू आहे.

आपल्या भागाची थंडी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. भात कापून झोडून झालं की शेत मोकळं. जिथे ओल असेल तिथे वाल, हरभरा टाकतो. बाकी जमीन पुढच्या पावसाची वाट बघते. दिवाळी झाली की कातकरी पाडे रिकामे व्हायला लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. शाळेच्या पटावर नावं राहतात, बाकावर मुलं नसतात. थंडीत हाताला काम नाही हे आपलं जुनं दुखणं आहे.

हेच दुखणं खूप लांबच्या एका डोंगराळ मुलखाचंही होतं, म्हणून त्याची गोष्ट सांगतो. आल्प्स पर्वत. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, जर्मनी या देशांत पसरलेला. सिनेमाच्या गाण्यांत आपण तो बर्फ पाहिलाय. तिथे लोक पायांना दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधतात, हातांत दोन काठ्या धरतात आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येतात. त्याला स्कीइंग म्हणतात. आज हा पैसेवाल्यांचा खेळ वाटतो. पण ती गावं एके काळी फार गरीब होती. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर न्यायची, गवत कापून साठवायचं आणि थंडीचे महिने बर्फात अडकून काढायचे. ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या आणि शेजारच्या स्वित्झर्लंडमधल्या गरीब शेतकऱ्यांची मुलं दरवर्षी बर्फ वितळताना डोंगर ओलांडून जर्मनीत जात. तिथे ती गुरं राखत, परक्याच्या शेतावर राबत आणि थंडीच्या तोंडावर परत येत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. आपल्याकडची भट्टीवरची लेकरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वेगळं सांगायला नको.

थंडीत तिथे पाहुणा कसा यायला लागला, त्याचीही गोष्ट सांगतात. 1864 साली सेंट मॉरिट्झ या स्विस गावातल्या योहान्नेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली. थंडीत येऊन बघा, ऊन पडलं नाही तर तुमचा खर्च माझा. पाहुणे आले आणि बरेच दिवस राहिले. पुढे मोठी हॉटेलं झाली. पण बाजूच्या लहान गावांत शेतकऱ्यांच्या घरातली एखादी खोलीच पाहुण्याला मिळायची. 'खोली रिकामी आहे' अशी पाटी दारावर लावायची, सकाळी दूध, पाव, लोणी द्यायचं. अंथरूण, स्वयंपाक, हिशोब असा बराचसा कारभार घरच्या बाईचा. ऑस्ट्रियातल्या शेतघरांमध्ये हा जोडधंदा आजही चालतो.

पण तिथेही दोन वाटा झाल्या. काही गावांनी डोंगरभर पाळणे ओढले, मोठमोठी हॉटेलं बांधली. आता हवा तापते आहे, खालच्या उंचीवर बर्फ कमी पडतो, म्हणून यंत्राने बर्फ पाडतात. त्याला पाणी लागतं, वीज लागते, कर्ज लागतं. काही गावांनी मात्र ठरवलं की आपण लहानच राहायचं. ऑस्ट्रियाच्या गिर्यारोहण संघाने 2008 साली अशा गावांना एकत्र बांधलं. नावाचा अर्थ आपल्या भाषेत 'डोंगरयात्रींची गावं'. पुढे शेजारच्या देशांतलीही गावं त्यात आली. जर्मनीतलं रामसाऊ 2015 मध्ये आलं. तिथे गोंगाट नाही, मोठे बांधकाम प्रकल्प नाहीत. पाहुणा स्वतःच्या पायाने डोंगर चढतो, बर्फात चालतो, रात्री गावात जेवतो. शांतता हाच त्यांचा माल आहे.

आता आपल्या देशात येऊ. स्कीइंग आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला आहे, हिमाचलात सोलंगला आहे आणि उत्तराखंडात औलीला आहे. औली जोशीमठच्या वर आहे. जोशीमठहून औलीला जायला सुमारे चार किलोमीटरचा रोपवे होता. 2011 साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा औलीत भरल्या. आपल्याकडून बद्रीनाथला जाणाऱ्या बऱ्याच जणांनी जोशीमठ पाहिलेलं असेल. 2023 च्या जानेवारीत त्या जोशीमठची जमीन खचली. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, लोकांना घरं सोडावी लागली, रोपवे बंद झाला. हा डोंगर जुन्या दरडीच्या मातीवर उभा आहे, इथे जड बांधकाम करू नका, असं मिश्रा समितीने 1976 सालीच सांगून ठेवलं होतं.

आणि एक गोष्ट बायकांनी विसरू नये. त्याच जोशीमठच्या भागात रैणी नावाचं गाव आहे. 26 मार्च 1974 रोजी गावातले पुरुष बाहेर गेलेले असताना झाडं तोडायला माणसं आली. गौरादेवी आणि त्यांच्या महिला मंगल दलाच्या बायका जंगलात जाऊन उभ्या राहिल्या आणि तोड थांबवली. तो चिपको. म्हणजे डोंगराचं काय करायचं, यावर बोलायचा बायकांचा हक्क पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या बायकांनी बजावलेला आहे. आपणही बोलायला हवं.

आपल्याकडे बर्फ नाही. पण थंडी आहे, डोंगर आहेत आणि शहर दोन-तीन तासांवर आहे. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी वैशाखरे गावावरून जाते. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल याच वाटेने जुन्नरला जायचा. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण आहे. वाटेवरून जाणाऱ्याने इथल्या लोकांना काही देऊन जायचं, हा रिवाज दोन हजार वर्षांचा जुना आहे म्हणा ना! देहरीहून गोरखगड आहे. आसनगाव स्टेशनवर उतरलं की माहुली आहे. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो.

पावसाळ्यात धबधब्यांवर किती गर्दी होते ते आपण बघतो. बाटल्या फुटतात, माणसं वाहून जातात, मग बंदीहुकूम निघतो. त्या गर्दीतून गावाला चहा-वडापावपलीकडे काही मिळत नाही. थंडीचा पाहुणा वेगळा असतो. तो चालायला येतो, चांदण्या बघायला येतो, गरम भाकरी मागतो. आपल्याला हवा तो हाच.

आता हिशोब. हिशोबाशिवाय गटाची बैठक नाही, तसं हिशोबाशिवाय भाषणही नको. समजा, एका शनिवारी दहा पाहुणे आले. एक मुक्काम, दोन जेवणं, नाश्ता, चहा. माणशी 900 रुपये. एकूण 9,000. त्यातून किराणा, भाजी, तेल 2,500. गॅस आणि सरपण 400. चादरी धुणं, साबण 300. वाट दाखवणाऱ्याला 800. चार बायकांची मजुरी प्रत्येकी 400 प्रमाणे 1,600. झाले 5,600. उरले 3,400. त्यातले 1,000 गाद्या-चादरींच्या कर्जाला, 400 गावच्या सफाईला आणि ज्या दोन घरांत पाहुणे राहिले त्यांना प्रत्येकी 1,000.

यात बायकांची मजुरी आम्ही आधी धरली आहे, ते लक्षात ठेवा. बरेच जण ती धरतच नाहीत. घरच्या बाईचं राबणं फुकट समजतात आणि मग धंदा फायद्यात दिसतो. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मजुरी आधी, नफा नंतर. आणि ती मजुरी तिच्या खात्यात.

आता कडू बाजू. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत साधारण पंधरा शनिवार येतात. त्यातल्या आठ शनिवारी पाहुणे आले असं धरलं, तर राबणाऱ्या बाईला हंगामात 3,200 रुपये मिळतात. एवढ्यावर घर चालत नाही. ज्या कुटुंबाने भट्टीवाल्याकडून उचल घेतली आहे, त्याची उचल यातून फिटत नाही. म्हणून 'पर्यटन आलं की स्थलांतर थांबेल' असं कुणी सभेत सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला हा हिशोब विचारा.

मग काय करायचं? उचल कधी घेतली जाते ते बघा. पावसाळ्यात, श्रावणाच्या आसपास, घरातले दाणे संपतात, कुणी आजारी पडतं, तेव्हा. पाच-दहा हजारांसाठी अख्खं कुटुंब सहा महिने बांधलं जातं. त्याच वेळी गटाने अंतर्गत कर्ज दिलं आणि थंडीत त्या घरातल्या दोघांना पाहुण्यांच्या कामात, रोजगार हमीच्या कामात, वालाच्या तोडणीत हात दिला, तर निदान आई आणि शाळेतली मुलं गावात राहू शकतात. आमच्या गटांनी एवढंच उद्दिष्ट ठेवलंय. सगळा पाडा थांबणार नाही. पण पाहुण्यांच्या कामात पहिला हक्क भट्टीवर जाणाऱ्या घराचा, असं आम्ही ठरावाच्या वहीत लिहून घेतलं आहे. ज्यांचं घर पक्कं, ज्यांच्याकडे संडास चांगला, त्यांच्याकडेच पाहुणे उतरतील हे खरं. म्हणूनच वाट दाखवणं, सरपण, पत्रावळी, भाजी ही कामं ज्यांचं घर कुडाचं आहे त्यांच्याकडे जायला हवीत.

काही नियमही आधीच ठरवा. एका वेळी किती माणसं, याचा आकडा ठरवा आणि तो मोडू नका. आगाऊ पैसे थेट गटाच्या खात्यात घ्या. मध्ये दलाल आला की पाहुण्याकडून दुप्पट घेतो आणि आपल्याला निम्मे देतो. येणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र वहीत नोंदवा, पोलीस पाटलांना कळवा. दारू नाही, मोठ्याने गाणी नाहीत. आपले, आपल्या लेकरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. पौषानंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा शेकोटी अंगणातच, रानात नाही. एका ठिणगीने वणवा लागतो.

पाण्याचं तर सगळ्यात आधी ठरवा. आपल्या शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा, भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. म्हणून फेब्रुवारीनंतर पाहुणे बंद. अंघोळीला एक बादली, हे हसून पण ठामपणे सांगायचं. पोहण्याचा तलाव मागणाऱ्याला दुसरीकडे पाठवायचं.

सरकारी मदतही आहे. राज्य सरकारचं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण 2023 मध्ये आलं. त्यात महिला चालवत असलेल्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या बँक कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत आणि अटींवर पर्यटन संचालनालयाकडून परत मिळतं. कृषी पर्यटनाचं धोरण 2020 पासून आहे. अर्ज करण्याआधी अटी नीट वाचून घ्या, प्रभाग संघाच्या ताईंना सोबत घ्या. आणि ऐका, पहिल्या वर्षी मोठं कर्ज काढूच नका. दहा गाद्या, वीस चादरी आणि एक स्वच्छ संडास एवढ्यावर सुरुवात होते.

आता कल्याण-डोंबिवलीच्या तायांसाठी दोन शब्द. तुमच्या गटांची वर्षाची सहल निघते, हळदीकुंकवाच्या आधी किंवा नंतर. बर्फ बघायची हौस असेल तर जरूर पैसे साठवा, एकदा हिमालय बघाच. तिथेही मोठ्या हॉटेलाऐवजी गावातल्या घरी उतरा. पण यंदाची एक दिवसाची सहल आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गटाकडे काढा. गटाचं जेवण, गटाचं पापड-मसाल्याचं सामान घ्या. एका गटाने दुसऱ्या गटाकडे पाहुणं जाणं, यात दोघींचाही पैसा बायकांच्याच हातात राहतो.

गावातल्या तायांनो, एक शेवटची गोष्ट. तुमच्या गावात जमीन विचारायला गाड्या येतात हे आम्हाला माहीत आहे. डोंगर दिसतो, नदी दिसते, म्हणून भाव चांगला मिळतो. विकण्याचा निर्णय घराघराचा आहे. पण सातबाऱ्यावर सही होण्याआधी घरातल्या बाईला विचारलं गेलं पाहिजे. जमीन गेली की त्याच जागेवर आपण झाडू मारायला आणि भांडी घासायला जातो. जमीन आपली असली तर पाहुणा आपल्या ओसरीवर बसतो आणि आपण ठरवू त्या दराने जेवतो.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. तीन प्रश्न वहीत लिहा: आपल्या गावात थंडीत किती पाहुण्यांना पुरेल एवढं पाणी आहे, कोणत्या घरांना काम आधी मिळायला हवं आणि पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली की मगच पहिली गादी विकत घ्या.