पडद्यापलीकडचा सवंगडी



बालवाचकांच्या हाती चित्रकथा द्यावी की नाही, हा वाद ग्रंथालयांना नवा नाही. त्यातून चित्रकथेचा विषय व्हिडिओ गेम असला, की पालकांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावे. मूल आधीच पडद्यापुढून हलत नाही, मग पुस्तकातही पुन्हा पडदाच कशाला? या रास्त प्रश्नाला उत्तर देण्याची ताकद असलेले एक पुस्तक २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'इन रिअल लाइफ'. मूळ कथा टोरांटो येथे जन्मलेले लेखक कोरी डॉक्टरो यांची. तिचे चित्रकादंबरीत रूपांतर केले आणि चित्रे काढली जेन वांग यांनी.

नायिका अँडा ही शाळेत नव्याने आलेली, काहीशी स्थूल, एकटी पडलेली मुलगी. वर्गात पाहुणी म्हणून आलेल्या एका निष्णात महिला खेळाडूच्या प्रोत्साहनाने ती 'कोर्सगोल्ड ऑनलाइन' या काल्पनिक खेळात शिरते. इंटरनेटवरून असंख्य माणसे हा खेळ एकाच वेळी खेळतात. गटाची अट अशी, की मुलीने मुलीच्याच रूपात खेळायचे. घरात आणि शाळेत अंग चोरून वावरणारी अँडा तेथे तांबड्या केसांची योद्धा होते. वांग यांनी तिचे रोजचे जग मातकट, उदास रंगांत रंगविले आहे आणि खेळाचे जग झगझगीत. मूल पडद्याकडे का ओढले जाते, हे त्या रंगांतून जितके उमगते तितके पालकसभेतील भाषणांतून उमगत नाही.

पुढे एक सहकारी तिला कामगिरी देते. खेळात काही बुटक्या, एकसारख्या दिसणाऱ्या आकृती मौल्यवान वस्तू गोळा करीत फिरत असतात. पैसेवाल्या खेळाडूंना त्या वस्तू खऱ्या पैशांत विकल्या जातात. हा व्यवहार नियमबाह्य. तेव्हा त्या आकृतींना मारायचे आणि त्याबद्दल खरे पैसे मिळवायचे. अँडा मारीत सुटते. मारणे सोपेच असते, कारण त्यांपैकी कोणालाच वेगळा चेहरा नसतो. मग त्यांतला एक जण बोलू लागतो. तो रेमंड, चीनमधील एक गरीब मुलगा. तिचा खेळ ही त्याची नोकरी असते. पाठ दुखावलेली, उपचारांची सोय नाही, तरी बैठक मोडता येत नाही.

येथे पुस्तक बालसाहित्याची मळलेली वाट सोडते. अँडा त्याला कळकळीने सांगते, की हक्कांसाठी संघटित व्हा, संप करा. सल्ला चुकीचा नव्हे. परंतु त्याची किंमत रेमंड मोजतो, त्याची नोकरी जाते. सुरक्षित घरात बसून दिलेला सल्ला मित्राच्या पोटावर येऊ शकतो, ही गोष्ट मुलांना इतक्या उघडपणे सांगणारी पुस्तके थोडी आहेत.

डॉक्टरो यांची मूळ कथा २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत राबणाऱ्या मुली मेक्सिकोतील तिहुआना शहरातल्या होत्या आणि अँडा इंग्लंडमधली. स्थळे बदलली, पण श्रमाचे गणित बदलले नाही. रूपांतरात मैत्रीला मात्र मध्यवर्ती स्थान मिळाले.

पुस्तकात उणीव नाही असे नव्हे. शेवटी गुंता फार लवकर सुटतो, आणि चिनी कामगारांना जाग आणण्याचे श्रेय पुष्कळसे अमेरिकन मुलीच्या पदरात पडते. रेमंडच्या घरची माणसे आणि त्याच्या कामाची खोली आणखी दिसती, तर त्याचे धैर्य उसने वाटले नसते. वांग यांच्या चित्रांत ते सामर्थ्य निश्चित होते.

डॉक्टरो यांनी आरंभी खेळ आणि अर्थव्यवहार यांविषयी प्रस्तावना जोडली आहे. मुले ती बहुधा ओलांडून थेट चित्रांकडे जातील, आणि ते ठीकच आहे. बालविभाग सांभाळणाऱ्यांनी मात्र ती आधी वाचावी, आणि मग हे पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे ते ठरवावे.