कर्करोग-संशोधनात रुग्णाची भागीदारी
(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी वांकिडी येथील व्याख्यान)

आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर वांकिडी हे मंडलाचे गाव आहे. तेलंगणा व महाराष्ट्र यांच्या सीमेवरील या परिसरात तेलुगू, मराठी आणि गोंडी या भाषा नित्याच्या व्यवहारात आहेत. येथील एखाद्या शेतमजुराच्या तोंडातील जखम भरून येत नाही आणि कर्करोगाची शंका येते, तेव्हा त्याला हैदराबाद, नागपूर वा मुंबई गाठावी लागते. तेथे ‘एका अभ्यासात सहभागी होता काय,’ असे त्याला विचारले जाण्याचा संभव असतो. समोर ठेवलेल्या कागदावर उमटणारा अंगठा ही केवळ औपचारिकता, की भागीदाराची संमती, हा आजचा विचारणीय विषय होय.

संशोधन म्हटले की ‘आपल्यावर प्रयोग होणार’ अशी भीती अनेकांच्या मनात उभी राहते. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु संशोधनावाचून उपचारांत सुधारणा होत नाही, हेही तितकेच खरे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक उदाहरण पाहावे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असून मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याविषयी शल्यचिकित्सकांत दीर्घकाळ मतभेद होता. २००४ पासून तेथील रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट करण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ५०० रुग्णांचा हिशेब होता. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तज्ज्ञांचा वाद ज्यांनी मिटविला ते हे रुग्णच होत. त्यांचे ऋण पुढील प्रत्येक रुग्णावर आहे.

कोणता प्रश्न अभ्यासास घ्यावा, यातही रुग्णाच्या परिस्थितीला स्थान असले पाहिजे. डोके व मान यांच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगावर निव्होलुमॅब हे औषध उपयुक्त आहे. परंतु त्याच्या पूर्ण मात्रेचा खर्च बहुसंख्य कुटुंबांना झेपत नाही. म्हणून टाटा स्मारक रुग्णालयात १५१ रुग्णांच्या सहभागाने त्याची अत्यल्प मात्रा अजमावण्यात आली. तोंडाने घ्यावयाच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम औषधाची जोड दिल्यावर एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घास गिळता येईल काय, रोजंदारी किती बुडेल, प्रवासास किती पैसे लागतील, हे प्रश्न रुग्णाइतके कोणास ठाऊक असणार? ते विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि ते ऐकून घेणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

भागीदारीचा विसर पडला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण दूरचे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या लसीचा एक प्रकल्प २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील आणि आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात सुरू झाला. २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात नमूद केले की, आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते, तर २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. याचा अर्थ ती लस वाईट होती असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. दोष संमती घेण्याच्या रीतीत होता. वसतिगृहातील मुलीचे आईबाप दूरच्या पाड्यावर असले, तरी निर्णय त्यांचाच असतो. आश्रमशाळांतील शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्र शासनाचे २०१९ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार चाचणीचा हेतू, कालावधी, संभाव्य लाभ व धोके आणि उपलब्ध असलेले अन्य उपचार हे सर्व रुग्णास समजेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक आहे. ज्यास वाचता येत नाही, त्याच्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार उपस्थित असावा लागतो. माहितीपत्रकाची व सही केलेल्या संमतिपत्राची प्रत रुग्णास द्यावी लागते. नकार दिल्याने अथवा मध्येच बाहेर पडल्याने त्याचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार व नुकसानभरपाई यांची तरतूद आहे. चाचणीस मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर डॉक्टरांखेरीज एक सामान्य नागरिकही असतो.

तथापि नियम कागदावर असतात. त्यांना अर्थ गावाच्या जागरूकतेने येतो. रुग्णासोबत जाणाऱ्या नातेवाइकाने घाई न करता कागद वाचून घ्यावा, न समजल्यास पुन्हा विचारावे आणि प्रत जपून ठेवावी. ज्याची भाषा गोंडी आहे, त्याला मराठी वा तेलुगू कागद वाचून दाखविणे पुरेसे नाही. त्याचा अर्थ गोंडीत सांगणारा मनुष्य मिळाला पाहिजे. येथे शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. मात्र अर्थ सांगावा, निर्णय सांगू नये. अभ्यास संपल्यावर त्यातून काय निष्पन्न झाले, हे सहभागी रुग्णास अथवा त्याच्या पश्चात कुटुंबास कळविले गेले पाहिजे. शेतात भागीने पीक घेणाऱ्यास खळ्यावरील रास पाहण्याचा हक्क असतो. ज्याने आपले शरीर या कार्यासाठी पुढे केले, त्याचा हक्क त्याहून कमी कसा असेल?