डब्याची शिवण आणि स्वयंचलित यंत्रे
(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळप्रक्रिया उद्योगाची गोष्ट निघाली की यंत्रविक्रेत्याला आपण पहिल्याने विचारतो, "मिनिटाला डबे किती?" प्रश्न गैर नाही. परंतु त्याच्या आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. बंद केलेला प्रत्येक डबा खरोखरच बंद झाला आहे की नाही, हे कोण पाहतो? डबे आणि बरण्या भरण्याच्या यंत्रसामग्रीत जी प्रगती झाली आहे, तिच्यातील मोलाचा भाग माझ्या मते या पाहण्यात आहे.

फ्रान्समधील निकोला आपेर याने अन्न काचेच्या बाटलीत घालून, घट्ट बंद करून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकविण्याची रीत १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने धातूच्या डब्याचे एकस्व घेतले. कथिलाची कल्हई केलेला पत्रा कापून, वळवून, हाताने डाख देऊन डबा तयार होई, आणि निष्णात कारागिराचेही तासाला जेमतेम पाच-सहाच डबे होत. आज पेयांचे डबे बंद करणारी मोठी यंत्रे मिनिटाला दोन हजारांचा टप्पा ओलांडतात. मधल्या काळात डाख गेला. त्याबरोबर अन्नात शिसे उतरण्याची भीतीही गेली. अमेरिकेने शिशाचा डाख दिलेल्या अन्नाच्या डब्यांवर १९९५ साली बंदी घातली. आता डब्याची उभी सांध विजेने जोडतात, किंवा तळ व बाजू एकाच पत्र्यातून ओढून काढतात.

झाकण मात्र शिवणीनेच बसते. पहिले चाक झाकणाची कड डब्याच्या काठाखाली वळवते, दुसरे चाक ती घडी दाबून चपटी करते. झाकणाचे तीन आणि डब्याचे दोन, असे पत्र्याचे पाच थर एकावर एक बसतात, आणि त्यांच्यामधील फटी झाकणाच्या कडेला आधीच लावलेला रबरासारखा लेप भरून काढतो. ही चाके झिजतात. झीज डोळ्यांना दिसत नाही. शिवण तेवढी सैल पडू लागते. म्हणून पाळीच्या आरंभी आणि नंतर ठरावीक वेळाने एक डबा कापून, शिवणीची जाडी व घडीची पकड सूक्ष्ममापकाने मोजून वहीत नोंदवावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि घाईच्या दिवसांत नेमके तेच प्रथम टाळले जाते.

टाळले तर काय होते? १९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी चार वृद्धांनी अलास्कातून आलेल्या सामन माशाचा एक डबा मिळून खाल्ला. चौघांनाही बोटुलिझमची विषबाधा झाली, दोघे दगावले. डब्याला बारीकसे छिद्र आढळले. मासा नीट शिजलेला होता. परंतु तापविलेला डबा थंड होताना आत निर्वात निर्माण होतो, आणि फट असल्यास बाहेरचे पाणी व त्यातील जंतू आत ओढले जातात. डबे थंड करण्याच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते याचसाठी.

आता यंत्रांची दृष्टी पाहा. रिकाम्या डब्याचा काठ वाकडा असेल तर कॅमेरा तो भरण्यापूर्वीच बाजूला काढतो. वजनात कमी भरलेला डबा पट्ट्यावरून आपोआप ढकलला जातो. बरणीत काचेचा तुकडा राहिला असेल तर क्ष-किरण तो हेरतात. बरणीचे झाकण बसविताना आत वाफ सोडतात. वाफ थिजली की निर्वात होऊन झाकण मध्यभागी खाली बसते, आणि ते बसले की नाही हे संवेदक पाहतो. पूर्वी अनुभवी कामगार छडीने डबे वाजवून आवाजावरून निर्वाताची परीक्षा करीत. आजचे उपकरण चुंबकीय स्पंदाने झाकण वाजवून तोच आवाज ऐकते. कुंभाराकडून मडके वाजवून घेणाऱ्या आपल्या गृहिणींना हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

कोकणातील लहान कारखान्याने हे सारे घ्यावे काय? नाही. आंब्याचा हंगाम थोड्या आठवड्यांचा; कोट्यवधींची साखळी उरलेले वर्ष उभी राहील. आंब्याच्या रसाचा पीएच ४.६ च्या खाली असतो, त्यामुळे बोटुलिझमचा जंतू त्यात वाढत नाही व उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मासे, मका, अळंबी यांना मात्र दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसच्या सुमाराची उष्णता द्यावी लागते. रसाच्या यंत्रावर उद्या अळंबी भरू, असे म्हणणाऱ्या गटाला तेथेच थांबवावे. रसाच्या ८५० ग्रॅम वा ३.१ किलोच्या डब्यासाठी चांगले अर्धस्वयंचलित शिवणयंत्र, तपासणीची मापके आणि तुकडी क्रमांक छापण्याची सोय, एवढ्यावर खर्च आधी व्हावा. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत वैयक्तिक उद्योगासाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवण्यात आले. असे प्रस्ताव आपल्यासमोर येतील तेव्हा त्यांत मापकांची नोंद आहे का, हे अवश्य पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. रसाचा रिकामा डबा घेऊन त्याचा काठ बारीक करवतीने आडवा छेदावा, कानशीने घासून गुळगुळीत करावा आणि भिंगाखाली धरावा. मुलांना पाचही थर मोजता येतील. करवत मात्र आपल्याच हाती असू द्यावी.