वेरूळच्या दगडातली हालचाल



  ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकणाऱ्या मुलांना आपण वेरूळ-अजिंठ्याला नेतो ते बहुधा वर्षाखेरीची सहल म्हणून. ही भेट पहिल्याच सत्रात, अभ्यासाचा भाग म्हणून, गुणांसकट असावी, अशी माझी मागणी आहे.

वेरूळच्या कैलास लेण्याच्या दक्षिण बाजूला कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. ‘वजन’ शिकवताना आपण मुलांकडून उसळता चेंडू करवून घेतो, ते योग्यच आहे. पण नंतर त्यांना या शिल्पासमोर बसवा. रावणाचे हात चहूकडे फाकले आहेत. एकाच हाताच्या लागोपाठच्या फ्रेम एकत्र दिसाव्यात, तसे. वर पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, तिची दासी पळत सुटली आहे आणि शिव मात्र स्वस्थ आहे. खालून निघालेला जोर वर पोहोचेपर्यंत भय होतो आणि शिवापाशी येऊन शमतो. एका चौकटीत तीन निरनिराळी टायमिंग! शिवाय मूर्ती मागच्या खडकापासून इतक्या सुट्या कोरल्या आहेत, की रावणाभोवती काळोख साठतो आणि त्याचे सिल्हूएट आपोआप उठून येते. हे फोटोत सपाट होते. तिथे चार पावले बाजूला सरकले, की सगळी रचना बदलते.

हे कैलास मंदिर ८ व्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत घडवले गेले. आधी शिखर, शेवटी तळाचे हत्ती. उडालेला दगड परत बसवता येत नाही. म्हणजे शिखरावर छिन्नी चालत असतानाच सुमारे १०० फूट खालच्या हत्तींची जागा कुणाच्या तरी मनात ठरलेली होती. याहून अवघड प्रीव्हिज, म्हणजे दृश्याची आगाऊ आखणी, मला माहीत नाही.

अजिंठ्याचे धडे वेगळे. १७ व्या लेण्यातल्या विश्वंतर जातकात तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो आणि दोन प्रसंगांच्या मध्ये चित्रातलाच एखादा खांब उभा असतो. तोच तिथला कट. आतला उजेडही पाहण्यासारखा: बाहेरचे ऊन जमिनीवर पडून, परतून भिंतीपर्यंत पोहोचते. सॉफ्टवेअरमध्ये ज्याची किंमत आपण रेंडरच्या तासांत मोजतो, तो परावर्तित प्रकाश मुलांनी एकदा डोळ्यांनी अनुभवावा.

फोटोग्रामेट्रीने हे सगळे घरबसल्या मिळते, असे कुणी म्हणेल. स्कॅन जरूर करा. पण स्कॅन सगळेच सारख्या निष्ठेने टिपतो. काय घ्यायचे, काय सोडायचे, हे रेखाटणाऱ्या हातालाच ठरवावे लागते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या कित्येक पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. त्या मुलांच्या नजरेला लागलेले वळण मात्र जळण्यासारखे नव्हते, असे मी मनापासून मानतो.

म्हणून माझी सूचना अशी: एका दिवसात एकच लेणे, आधी स्केचबुक, मग कॅमेरा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत; तेव्हा तेच शिल्प सकाळी आणि दुपार कलल्यावर, दोनदा रेखाटून घ्यावे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, तेवढे पाहून प्रत्येक संस्थेने तारखा आजच ठरवाव्यात.