समुद्री गोगलगाय आणि एक निळी गाडी

आज एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात प्रयोगशाळेतून नाही, एका खेळण्यातल्या गाडीपासून करतो.

साल 1938, शहर व्हिएन्ना. एरिक नावाचा मुलगा 7 नोव्हेंबरला नऊ वर्षांचा होतो. वडिलांचं खेळण्यांचं दुकान. वाढदिवसाला त्याला रिमोटवर चालणारी निळी गाडी मिळते आणि तो दोन दिवस ती घरभर फिरवतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर जोरजोरात थापा पडतात. नाझी पोलीस! कुटुंब ज्यू आहे, घर सोडायचा हुकूम होतो. काही दिवसांनी घरी परत येतात तर दागिने, चांदी, कपडे सगळं गेलेलं. आणि ती निळी गाडीसुद्धा.

पुढच्या वर्षी, 1939 च्या एप्रिलमध्ये एरिक आणि त्याचा मोठा भाऊ दोघंच बोटीने अमेरिकेला निघाले. आईवडील नंतर आले. हा मुलगा म्हणजे एरिक कँडेल. सन 2000 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, कशासाठी, तर आठवण मेंदूत नेमकी कशी तयार होते हे शोधल्याबद्दल. त्या थापा साठ-सत्तर वर्षांनंतरही त्यांना स्पष्ट आठवत होत्या. आता प्रश्न असा, की दोन दिवसांचं खेळणं आणि काही मिनिटांची ती भीती माणसाच्या डोक्यात आयुष्यभर राहते, ती कुठे आणि कशी?

गंमत म्हणजे कँडेल आधी सायन्सचे नव्हतेच. हार्वर्डला इतिहास आणि साहित्य शिकले. सुसंस्कृत म्हणवणारी माणसं एका रात्रीत अशी कशी वागू शकतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यातून फ्रॉइडचं वेड लागलं, आणि मनोविश्लेषक व्हायचं म्हणून मेडिकलला गेले. 1955 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात हॅरी ग्रंडफेस्ट यांच्याकडे गेले आणि म्हणाले, फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन भाग मेंदूत कुठे आहेत ते मला शोधायचंय. ग्रंडफेस्टनी त्यांना वेड्यात नाही काढलं. सल्ला दिला तो एवढाच, की मेंदू समजून घ्यायचा तर एका वेळी एक पेशी बघ.

मंडळी, हा सल्ला मला फार आवडतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे. मोठ्या सिस्टिममध्ये बग आला की आम्ही काय करतो? सगळा कोड घेऊन बसत नाही. नको ते एकेक काढत जातो, आणि तरीही बग दिसतोय का ते बघतो. जिथे सगळ्यात कमी कोडमध्ये तो दिसतो, तिथे तो पकडता येतो. कँडेलनी आठवणीच्या बाबतीत हेच केलं. पण लगेच नाही.

1957 मध्ये एक गाजलेला पेपर आला. हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाचं फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये ऑपरेशन झालं होतं आणि मेंदूतला हिप्पोकँपस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला होता. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, पण नवीन आठवण तयार होईना. समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की पुन्हा अनोळखी. मग सगळ्यांनाच वाटलं, आठवणीचं रहस्य हिप्पोकँपसमध्ये आहे. कँडेलनी सहकारी ऑल्डन स्पेन्सरबरोबर त्या भागातल्या एकेका पेशीचे विद्युतसंकेत मोजले. निष्कर्ष? या पेशी इतर चेतापेशींपेक्षा तशा फार वेगळ्या नाहीत. म्हणजे रहस्य पेशीत नाही, पेशींच्या जोडणीत असणार. पण तिथे जोडण्या इतक्या, की धागा हाती लागणार कसा?

म्हणून त्यांनी साधा प्राणी शोधला. अ‍ॅप्लिशिया, एक मोठी समुद्री गोगलगाय. आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी, तिच्याकडे साधारण 20,000. त्यातल्या काही एवढ्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. 1962 मध्ये ते पॅरिसला लादिस्लाव ताउक यांच्याकडे ती शिकायला गेले. अनेक ज्येष्ठांना हे पटलं नव्हतं. गोगलगायीला कसली आलीय आठवण? आणि बघा, हा माणूस मानसोपचार शिकलेला डॉक्टर. बोस्टनमधल्या एका हॉस्पिटलात विभागप्रमुखाचं पद चालून आलं होतं, ते नाकारून तो गोगलगायीमागे गेला. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर घरचे काय म्हणाले असते, सांगायला नको! (हसतो)

तर प्रयोग काय होता? या गोगलगायीच्या अंगावर एक छोटी नळी असते. तिला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. आपण गरम तव्यावरून हात मागे घेतो ना, तसं. पुन्हा पुन्हा स्पर्श केला आणि काहीच वाईट झालं नाही, की तिला सवय होते. कल्ला फारसा हलत नाही. पण शेपटीला एकदा विजेचा झटका दिला, की मग नळीला साधा स्पर्श झाला तरी ती दचकून कल्ला ओढते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसंच. म्हणजे गोगलगाय शिकते. म्हणजेच तिला आठवण आहे.

आता खरी गोष्ट. या हालचालीमागची वायरिंग त्यांनी पेशीगणिक शोधून काढली. स्पर्श ओळखणाऱ्या 24 पेशी, कल्ला हलवणाऱ्या 6. त्यांच्यातली जोडणी, म्हणजे सायनॅप्स, शिकताना बदलते. सवय झाली की जोडणी कमजोर, धसका घेतला की घट्ट. वायर तीच, पण तिच्यातून संदेश किती जोरात जातो ते बदललं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या डोक्यातलं चित्रच मोडलं. मला वाटायचं, काम करायला प्रोसेसर आणि साठवायला वेगळी हार्ड डिस्क. इथे वेगळी हार्ड डिस्कच नाही. ज्या जोडणीतून काम होतं, तीच जोडणी बदलते, आणि तो बदल म्हणजे आठवण.

मग पुढचा प्रश्न. काही आठवणी मिनिटांत जातात, काही का टिकतात? एका सत्रात दहा स्पर्श दिले तर सवय थोड्या वेळात पुसली जाते. पण रोज दहा, असं चार दिवस केलं तर ती तीन आठवडे टिकते. पुढे त्यांच्या लॅबने दोनच पेशी काचेच्या डिशमध्ये वाढवल्या. सेरोटोनिनचा एक डोस दिला तर जोडणी काही मिनिटं घट्ट होते. थांबून थांबून पाच डोस दिले तर दिवसभराहून जास्त. कारण आता निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो, क्रेब नावाचं प्रथिन जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं बनतात आणि नव्या जोडण्या उगवतात. आकडा ऐका. एका संवेदी पेशीची जोडणीची टोकं साधारण 1,300 असतात. टिकाऊ धसका बसला की ती 2,700 च्या आसपास जातात. टिकाऊ सवय झाली की 850 वर येतात. म्हणजे पक्की आठवण झाल्यावर मेंदूची रचनाच बदललेली असते.

हे वाचताना मला आजीची पर्वचा आठवली. रोज दिवेलागणीला शुभंकरोती, मग पाढे. रोज थोडं, पण रोज. ते पाढे आजही झोपेतून उठवलं तरी येतात. आणि इंजिनिअरिंगला आदल्या रात्री जागून पास केलेले विषय? निकालाआधीच गेले! माणसाचा मेंदू गोगलगायीपेक्षा फार गुंतागुंतीचा आहे, सरळ तुलना नको. पण थांबत थांबत शिकलेलं जास्त टिकतं, हे माणसांवरच्या प्रयोगांतही दिसलंय. आणि कँडेल स्वतःही नंतर उंदरांच्या हिप्पोकँपसकडे वळले, तेव्हा तिथेही यातले बरेच रेणू पुन्हा भेटले.

आता शेवटाकडे येतो, आणि परत व्हिएन्नाला. नोबेल जाहीर झाल्यावर ऑस्ट्रियात कौतुक सुरू झालं, की आमच्या माणसाला नोबेल! कँडेलनी स्पष्ट सांगितलं, हे ऑस्ट्रियाचं नोबेल नाही, अमेरिकन ज्यू माणसाचं आहे. मग ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस क्लेस्टिल यांनी विचारलं, आम्ही काय केलं तर हे सुधारेल? ते चिडून फोन ठेवू शकले असते. त्यांनी कामं सांगितली. एक, व्हिएन्ना विद्यापीठ ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव बदला. त्या रस्त्याला कार्ल लुएगर या जुन्या महापौराचं नाव होतं, ज्याने ज्यूद्वेषावर राजकारण केलं. दुसरं, ऑस्ट्रिया नाझी काळात कसं वागलं यावर उघड चर्चा करा. 2003 मध्ये त्या विद्यापीठात परिसंवाद झाला. रस्त्याचं नाव मात्र 2012 मध्ये बदललं. ही मागणी करणारे ते एकटे नव्हते, पण त्यांनी ती सोडलीही नाही.

बघा ना, गोगलगायीत जे दिसलं तेच मला इथे दिसतं. एकदा माफी मागितली, एक भाषण झालं, तर ते मिनिटांत पुसलं जातं. पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते, तेव्हा कुठे रचना बदलते. रस्त्याची पाटी बदलणं म्हणजे शहराने जोडणी बदलणंच झालं की.

ती निळी गाडी परत मिळाली नाही. पण ती जिथे राहिली होती ती जागा कशी असते, हे शोधायला एका माणसाने आयुष्य घातलं. आणि उत्तर मिळालं ते एका गोगलगायीपाशी.

तुमची अशी कोणती आठवण आहे, वस्तू गेली पण आठवण राहिली अशी? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि जे शिकताय ते रोज थोडं थोडं शिका. नमस्कार!